फीपलीकडचा खर्च

आयटीआयच्या मुलाची फी भरायला माणसं सापडतात. गणपती मंडळं भरतात, रोटरीवाले भरतात, गाव सोडून पुण्यात स्थिरावलेला एखादा इंजिनिअर गाजावाजा न करता भरतो. पावती मिळते, फोटो निघतो, विषय संपतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मात्र फी हा सगळ्या हिशोबातला लहान आकडा असतो. मुलगा गळतो तो दुसऱ्याच खर्चावर: पहाटेच्या एसटीवर, सेफ्टी शूजवर, दिवाळीनंतरच्या घरच्या अडचणीवर आणि कधीकधी निव्वळ एका स्पेलिंगवर.

टप्पे सगळे जागच्या जागी आहेत. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे, शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे, आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट कागदावर स्वच्छ आखलेली आहे. दहावीला पंचेचाळीस टक्के पडलेला पोरगा या वाटेने इंजिनिअर होऊ शकतो, आणि होतातही. पण दोन टप्प्यांच्या मधे जे काही महिने असतात तिथे त्याला कुणी वाली नसतो. मदत करायची तर ती त्या महिन्यांत पोचली पाहिजे, आणि बहुतेक मदत नेमकी तेव्हाच नसते.

सुरुवात प्रवेशापासून. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर अर्ज भरला की काम झालं असं गावातल्या सायबर कॅफेवाल्याला वाटतं. झालेलं नसतं. अर्ज भरल्यावर मूळ कागद घेऊन जवळच्या आयटीआयत जाऊन तो निश्चित करून घ्यायचा असतो, आणि त्यानंतर संस्था आणि ट्रेड (म्हणजे शिकायचा व्यवसाय) यांचे विकल्प भरायचे असतात. निश्चितीच राहिली तर मुलगा गुणवत्ता यादीत येतच नाही, आणि तो मात्र पुढचा महिनाभर 'नंबर लागेल' म्हणून वाट पाहत बसतो. विकल्पांचीही एक गंमत आहे. बावन्न टक्क्यांचा मुलगा जिल्ह्याच्या संस्थेतला इलेक्ट्रिशियन एवढा एकच विकल्प टाकतो, कारण मामेभाऊ इलेक्ट्रिशियन आहे. इलेक्ट्रिशियनची यादी सगळ्यात वरच्या टक्क्यांवर बंद होते. फेऱ्या संपतात, पदरी काही नाही, मग खासगी संस्था कित्येक पट फी सांगते आणि घरचे व्याजाने पैसे काढतात. तालुक्याच्या संस्थेतला फिटर, मशिनिस्ट, वायरमन, डिझेल मेकॅनिक असे विकल्प खाली लिहिले असते तर हे टळलं असतं. उलटी चूकही होते. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला की तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. त्यामुळे 'बघू तरी लागतंय का' म्हणून पहिल्या जागी काहीतरी टाकायचं नाही.

कोणता ट्रेड, हा प्रश्न लोक 'कशाला स्कोप आहे' असा विचारतात. मला तो चुकीचा वाटतो. विचारायला हवं ते हे, की हे घर किती महिने थांबू शकतं? बाराच महिने दम धरता येणार असेल तर एक वर्षाचा वेल्डर चांगला. हात बसला की वर्कशॉपमध्ये, फॅब्रिकेशनमध्ये, जहाजबांधणीत कुठेही रोजगार मिळतो. तीन वर्षं थांबता येणार असेल, म्हणजे दोन वर्षं प्रशिक्षण आणि एक वर्ष कंपनीतली शिकाऊ उमेदवारी, अर्थात अप्रेंटिसशिप, तर फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन. फरक फक्त पगाराचा नाही. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायला दहावी आणि त्यानंतरचा दोन वर्षांचा आयटीआय लागतो. एक वर्षाच्या ट्रेडवाल्याला तो दरवाजा बंद असतो, आणि हे त्याला सांगितलं जातं ते बहुधा ट्रेड पूर्ण झाल्यावर. दहावी नापास मुलांना वेल्डर, वायरमन, सुतारकाम अशा काही ट्रेडना प्रवेश मिळतो. तो जरूर घ्यावा, पण राहिलेले विषय पहिल्याच वर्षी सोडवून टाकावेत. नंतर हातात कौशल्य असतं, प्रमाणपत्र असतं, आणि भरतीच्या जाहिरातीत 'दहावी उत्तीर्ण' हे दोन शब्द आडवे येतात.

आता ते स्पेलिंग. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर आधी नाव, मग वडिलांचं नाव, शेवटी आडनाव, आणि तेही आधार केंद्रावरच्या माणसाला जसं ऐकू आलं तसं. एकीकडे 'दत्तात्रय'च्या इंग्रजी स्पेलिंगचा शेवट ए-वाय-ए असा, दुसरीकडे नुसता ए-वाय असा. जन्मतारीख शाळेत घातली तेव्हा गुरुजींनी १ जून टाकलेली, आधारवर दुसरीच. प्रवेशाच्या वेळी हे कुणी फारसं बघत नाही. दोन वर्षांनी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र तयार होतं तेव्हा, किंवा अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदणी करताना ते अडतं, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो. दुरुस्ती नेहमी आधारची करायची, दहावीच्या नावाप्रमाणे. उलट करायला जाऊ नये. बोर्डाच्या गुणपत्रिकेतला बदल हा फार लांबचा रस्ता आहे. प्रवेश झाला त्याच महिन्यात तुकडीतल्या वीसच्या वीस मुलांची गुणपत्रिका, आधार आणि पासबुक एका टेबलावर शेजारी ठेवून तपासायला एक दुपार पुरते.

पासबुकाचं वेगळंच दुखणं आहे. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती मंजूर होते, स्क्रीनवर 'रक्कम वितरित' दिसतं आणि मुलाच्या खात्यात दमडी येत नाही. कारण आधार खात्याला जोडलेलं असणं आणि शासनाची रक्कम त्या खात्यात जाण्यासाठी सीडिंग झालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्कम जाते ती सगळ्यात शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं त्या खात्यात. ते बरेचदा पाचवीत असताना शाळेने शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं असतं. पासबुक हरवलेलं, दोन वर्षं व्यवहार नसल्याने खातं निष्क्रिय झालेलं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की बँकेचं नाव दिसतं. मग दोनच उपाय: ते जुनं खातं केवायसी देऊन जिवंत करणं, नाहीतर सध्या वापरात असलेल्या खात्याच्या शाखेत अर्ज देऊन सीडिंग तिकडे हलवणं. पाच मिनिटांची तपासणी, पण ती न केल्यामुळे दोन-दोन वर्षांची रक्कम कुठेतरी लोंबकळत राहिल्याची उदाहरणं कुठल्याही संस्थेच्या लिपिकाला विचारा, तो बोटावर मोजून दाखवेल.

वर्ग सुरू होतात. फिटरच्या पहिल्या काही आठवड्यांत फाईल (कानस), हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत) आणि गुण्या (काटकोन तपासायचं साधन) यांपलीकडे फारसं काही नसतं. वाईसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, माइल्ड स्टीलचा तुकडा (यालाच जॉब म्हणतात), हातात ३०० मिलिमीटरची फ्लॅट बास्टर्ड फाईल. सांगितलेलं काम ऐकायला क्षुल्लक: पृष्ठभाग सपाट करा, कडा काटकोनात आणा. मुलगा तासभर फाईल मारतो, गुण्या लावून जॉब उजेडाकडे धरतो. मध्यभागी गुण्या टेकलेला आणि दोन्ही टोकांना उजेडाची फट. म्हणजे पृष्ठभागाला पोट आलं. फाईल पुढे जाताना झोका खाते म्हणून असं होतं. स्ट्रोकच्या सुरुवातीला टोकावरच्या डाव्या हाताचा दाब जास्त हवा, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, शेवटी मुठीवरच्या उजव्या हाताचा. मागे येताना दाब काढून घ्यायचा, नाहीतर दात बोथट होतात. हे डोक्याला एका मिनिटात कळतं, हाताला कळायला तीन-चार आठवडे लागतात. वाईसचा जबडा कोपराच्या उंचीला यायला हवा. कुपोषणाने उंची खुंटलेल्या पोराला तो छातीशी येतो, खांदे वर उचलून फाईल मारावी लागते, आणि तो जॉब कधीच सपाट होत नाही. चार इंच उंचीची लाकडी फळी पायाखाली दिली की होतो. याला अनुदान लागत नाही, फक्त कुणीतरी बघावं लागतं.

तीच गोष्ट भुकेची. पहाटे पाचला घर सोडून पहिली गाडी धरणारा मुलगा नुसता चहा पिऊन आलेला असतो. अकरा वाजता त्याचा हात पडतो. फाईल मारणं हे अंगमेहनतीचं काम आहे, रिकाम्या पोटी तीन तास होत नाही. निदेशकाला, म्हणजे शिकवणाऱ्याला, वाटतं, पोरगं कामचोर आहे. आपल्याकडे वार लावून जेवण्याची जुनी रीत होती. गरीब विद्यार्थ्याला सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी ताट मिळायचं. तिच्यात एक लाचारीही होती, म्हणून ती गेली ते बरंच झालं. पण शिकणाऱ्याचं पोट ही शिक्षणाचीच बाब आहे हे तिला कळलेलं होतं. आज एखाद्या आयटीआयच्या दारातल्या टपरीवाल्याशी महिन्याचा हिशोब ठरवून वीस मुलांना दहा वाजता पोहे किंवा दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू मिळण्याची सोय केली, तर तेवढ्या पैशात संगणक कक्षाला नाव देता येणार नाही, पण हजेरी टिकेल.

हॅक्सॉचं पातं तुटणं ही आणखी एक बारीक गोष्ट. दाते पुढच्या दिशेला हवेत, फुलपाखरी नट पुरेसा आवळलेला हवा, मिनिटाला चाळीस-पन्नास स्ट्रोक पुरे. नवखा मुलगा घाईत पातं तिरपं करतो आणि ते कट्‌कन मोडतं. मग नवं पातं तो जुन्याच कापात घालतो, तेही अडकून मोडतं, कारण झिजलेल्या पात्याने पडलेली खाच नव्या पात्याच्या दात्यांना अरुंद पडते. नवं पातं लावलं की दुसऱ्या बाजूने नवा काप सुरू करायचा. ज्या संस्थेत पाती मोजून मिळतात तिथे दोन पाती मोडलेला मुलगा तिसरं मागत नाही. तो कोपऱ्यात उभा राहून दुसऱ्याचं काम बघतो आणि हळूहळू बघ्याच होतो. कच्चा माल आणि वापरून संपणाऱ्या वस्तू, म्हणजे पाती, वेल्डिंगचे रॉड, वायर, एमएस फ्लॅट, यांसाठी कुणी देणगी देत नाही, कारण त्यांवर नाव कोरता येत नाही. मला विचाराल तर गरीब मुलासाठी सगळ्यात थेट देणगी तीच. सरावाला मोडायला, जाळायला, वाया घालवायला लोखंड मिळालं तरच हात तयार होतो. ज्याच्या काकाचं वर्कशॉप आहे तो हे घरी करतो. ज्याचं नाही, त्याला संस्थेतच मिळायला हवं.

आणि व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन. मुख्य मापपट्टीवरचे ४९ मिलिमीटर व्हर्निअरवर ५० भागांत विभागलेले असतात, म्हणून एक भाग ०.९८, आणि फरक ०.०२ मिलिमीटर. सातवी रेघ जुळली तर मुख्य मापात मिळवायचे ०.१४. तुकडीतली निदान चार मुलं ०.७ मिळवतात. त्यांना व्हर्निअर येत नाही असं नसतं, त्यांना दशांश अपूर्णांक येत नसतो, आणि तो सहावीपासून येत नसतो. दहावी कशीबशी पार पडलेली असते. पहिल्या सहा आठवड्यांत रोज एक तास अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, क्षेत्रफळ आणि पायथागोरस घेतला तर पुढची दोन वर्षं सोपी जातात. त्यासाठी बी.एड. झालेला शिक्षक लागत नाही. गावातली बी.एस्सी. करणारी मुलगी हे उत्तम करते, फक्त उदाहरणं पुस्तकातली न घेता जॉबवरची घ्यावीत. काही मुलांना मात्र रेघाच दिसत नसतात. पहिल्या महिन्यात डोळे तपासले तर प्रत्येक तुकडीत चष्म्याची गरज असलेले निघतातच. त्याच वेळी रंगांधत्वाची चाचणीही करावी. रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखण्याची ती पुस्तिका कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे असते. रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायचं स्वप्न घेऊन इलेक्ट्रिशियन करणाऱ्या मुलाला लाल-हिरवा ओळखू येत नसेल, तर ते त्याला वैद्यकीय तपासणीत कळण्याऐवजी पहिल्या ऑगस्टमध्ये कळलेलं बरं. ट्रेड बदलायला तेव्हा वाव असतो.

बुटांबद्दल थोडक्यात: वेल्डिंग आणि मशीन शॉपमध्ये चप्पल चालत नाही, स्टीलच्या टोपीचे बूट लागतात. ते नसले तर निदेशक मुलाला शॉपबाहेर उभा करतो आणि त्याचं बरोबरच असतं. बूट पहिल्या आठवड्यात द्यावेत, पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाची वाट बघू नये. आणि पायाचं माप घेऊन द्यावेत.

हजेरी. परीक्षेला बसायला ऐंशी टक्के लागते. उत्तीर्ण व्हायला थिअरीला तेहतीस टक्के पुरतात, प्रात्यक्षिकाला साठ लागतात. म्हणजे घरी बसून गाइड वाचून निभावेल असा हा अभ्यासक्रम नाही. त्यामुळे एसटीचं वेळापत्रक हा अभ्यासक्रमाचाच भाग धरावा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे साधारण दहा दिवसांच्या भाड्यात महिना. पण पास असून उपयोग काय, जर पहिली गाडी संस्थेच्या वेळेनंतर पोचणार असेल? शिफ्ट सकाळची असते तिथे हा प्रश्न दरवर्षी येतो. एकेकट्या मुलाने आगारात जाऊन काही होत नाही. प्राचार्यांचं पत्र, त्या मार्गावरच्या गावांची आणि मुलांची यादी, आणि दोन ग्रामपंचायतींचे ठराव जोडून आगार व्यवस्थापकाकडे गेलं की गाडी अर्धा तास अलीकडे येऊ शकते. विद्यावेतन २०२३ मध्ये दरमहा ५०० रुपये झालं. त्याआधी कित्येक वर्षं ते चाळीस रुपये होतं, यावर काही लिहायची गरज नाही.

मराठवाड्यात, विशेषतः बीड जिल्ह्याच्या ऊसतोड्यांच्या गावांत, एक गळती कॅलेंडर बघून सांगता येते. दिवाळीच्या सुट्टीला गेलेला मुलगा परत येत नाही. संस्था नोव्हेंबरअखेर पत्र पाठवते, घराला कुलूप असतं. सगळे कारखान्यावर. इथे लोक धावपळ करतात ती दिवाळीनंतर, आणि ती वाया जाते, कारण निर्णय फार आधी झालेला असतो. तोडणीची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती हंगामाच्या कितीतरी आधी. किती कोयते, म्हणजे तोडणारे हात, येणार यावर ती ठरते, आणि सतरा वर्षांचा पोरगा त्या हिशोबात धरलेला असतो. एकदा उचल घेतली की आईबापाच्या हातात काही उरत नाही. तेव्हा बोलायचं ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, घरी जाऊन, बापाशी आणि शक्यतो आईशी वेगळं. काय बोलायचं? 'शिक्षणाचं महत्त्व' नको, ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मुलगा मागे राहिला तर जेवणार कुठे, झोपणार कुठे, म्हाताऱ्या आजीचं औषध कोण आणणार, आणि त्याच्या वाट्याची जी उचल कमी होईल ती कशी भरून निघेल, एवढंच. संस्थेच्या वसतिगृहात जागा असेल तर ती दिवाळीपर्यंत राखून ठेवायला सांगावं. नसेल तर पाच-सहा मुलांनी मिळून घेतलेली खोली आणि एक डबेवाली मावशी, नोव्हेंबर ते मार्च. पाच महिन्यांचा हा खर्च दोन वर्षांच्या फीपेक्षा मोठा असतो, आणि तो उचललेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

मुलींची गोष्ट निराळी. त्यांना शिवणकाम, कॉपा (संगणक चालवण्याचा ट्रेड), कॉस्मेटोलॉजी इथे पाठवलं जातं आणि म्हटलं जातं, त्यांनाच ते आवडतं. मशिनिस्टच्या तुकडीत एकटी मुलगी टिकत नाही, चार टिकतात. तेव्हा एकाच गावच्या, एकाच बसच्या दोन-तीन मुलींनी एकच ट्रेड घ्यावा असं अर्जाच्या वेळीच जमवावं. वर्कशॉपजवळ कडी लागणारं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला खोली असेल तर पालक एक प्रश्न कमी विचारतात. राज्यात २०२४ पासून आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली आहे. आयटीआयनंतर पुढे शिकू पाहणाऱ्या कितीजणींना हे ठाऊक आहे, ते एखाद्या वर्गात हात वर करायला सांगून पाहावं.

आता प्रमाणपत्र हातात आलं. इथे सगळे समारंभ होतात आणि इथेच मुलगा सगळ्यात एकटा पडतो.

अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे, हे आधी घरी समजावावं लागतं. तीस किंवा त्याहून जास्त मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत. २०१९ च्या नियमदुरुस्तीत आयटीआय प्रमाणपत्रधारकाचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. त्यातला चौथा हिस्सा, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. म्हणजे ५,५०० कंपनीकडून आणि १,५०० सरकारकडून, ते थेट आधार सीडिंग झालेल्या खात्यात. पुन्हा तेच पासबुक! ते पहिल्या वर्षी तपासलं नसेल तर मुलगा महिना दीड हजाराला मुकतो आणि कंपनीने कापले म्हणून भांडत बसतो.

आणि हे सात हजार चाकणमध्ये, रांजणगावात, वाळूजमध्ये पुरतात का? कॉट बेसिसवर खोली आणि दोन वेळची मेस यातच मोठा भाग जातो. त्याहून अवघड आहे तो पहिला महिना-दीड महिना. रूमवर जायचं तर डिपॉझिट आधी, मेसचे पैसे आधी, विद्यावेतन महिना भरल्यावर, सरकारी हिस्सा त्याहून उशिरा. गावातून निघताना आईने दिलेले दोन हजार पंधरवड्यात संपतात. तेवढ्यात गेटबाहेरचा ठेकेदार भेटतो: 'कशाला सात हजारांवर राबतोस, माझ्याकडे ये, बारा देतो.' मुलगा जातो. कंपनी तीच, मशीनही कदाचित तेच, पण आता तो कुठल्याच करारावर नाही. सहा महिन्यांनी ब्रेक, मग दुसरा ठेकेदार. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हुकलं ते हुकलंच. रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या अप्रेंटिसांना लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या, भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात. अनेक सरकारी उपक्रमांच्या जाहिरातींत या प्रमाणपत्राला वजन असतं. पाच हजारांच्या फरकासाठी हे सोडणं मूर्खपणाचं वाटतं, पण ते आपल्याला. मेसवाल्याने डबा बंद केलेल्या मुलाला नाही.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. आयटीआय झालेल्याला महिना ८,००० रुपये, मुदत मुळात सहा महिन्यांची. एक हजार जास्त मिळतात म्हणून काही मुलं अप्रेंटिसशिप सोडून तिकडे वळली. योजना वाईट नाही. बारावी झालेल्या, हाताला काही काम नसलेल्या मुलाला ती उपयोगी आहे. पण फिटर किंवा इलेक्ट्रिशियनला ती शिकाऊ उमेदवारीच्या जागी धरता येत नाही, कारण शेवटी ते प्रमाणपत्र मिळत नाही.

कंपनीत रुजू होताना मुलाने एकच गोष्ट मागून घ्यावी: पोर्टलवर नोंदलेल्या कराराची प्रत. कराराचा क्रमांक असेल तर तो अप्रेंटिस, नसेल तर त्याला 'ट्रेनी' म्हणा की आणखी काही म्हणा, कायद्याच्या लेखी तो कुणी नाही. अप्रेंटिसला पीएफ कापत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही, तसाच नियम आहे. पण अपघात झाल्यास भरपाई आणि सुरक्षेचे नियम त्याला लागू असतात, आणि रात्रपाळीला परस्पर ओव्हरटाइम लावता येत नाही.

पुढच्या शिक्षणाचं लोक सांगतात ते 'डिप्लोमा कर' असं, जणू दुकानातून आणायचा आहे. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेला आयटीआयचा मुलगा वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे असतो आणि गणितात सगळ्यांच्या मागे. डिप्लोमाचं पहिलं वर्ष म्हणजेच त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, डेरिव्हेटिव्ह, आणि ते त्याने केलेलंच नसतं. दुसऱ्या वर्षाचे विषय ते येतं असं धरून शिकवले जातात. शिवाय पुस्तकं इंग्रजीत. पहिल्या सेमिस्टरला दोन-तीन विषय राहतात, लाज वाटते, कॉलेज सुटतं. आयटीआयची परीक्षा आणि डिप्लोमाचे वर्ग यांच्या मधले आठवडे या गणितासाठी वापरले तर हे टळतं. रोज दोन तास, आठ आठवडे, यात डेरिव्हेटिव्हपर्यंत पोचता येतं. निकाल आणि प्रवेशाच्या तारखा यांचा मेळ दरवर्षी बसतोच असं नाही, म्हणून वेळापत्रकावर कुणीतरी डोळा ठेवून असावं. अनुसूचित जातीच्या मुलाला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून शहराप्रमाणे वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. राखीव जागेवरून पुढे इंजिनिअरिंगला जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागेल, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यांपर्यंत जावं लागतं. ते काम आयटीआयच्या दुसऱ्या वर्षातच सुरू करावं.

सगळ्यांना डिप्लोमा हवाच असंही नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते, आणि मग नोकरी सांभाळत नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी. ज्याला शिकवण्यात गोडी आहे त्याने मुंबईत शीव-चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेतला एक वर्षाचा निदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम जरूर पाहावा. चांगल्या निदेशकांची वानवा आहे, आणि ज्याने स्वतः उपाशीपोटी फाईल मारली आहे तो अकरा वाजता हात टाकणाऱ्या मुलाला कामचोर म्हणणार नाही. इलेक्ट्रिशियन, वायरमनवाल्यांनी अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना काढून ठेवावा. गावात स्वतःचं काम सुरू करायचं तर तो लागतो.

राहिला पैशाचा प्रश्न. वीस मुलांसाठी निधी जमवणार असाल तर फीला त्यातला सगळ्यात लहान भाग ठेवा. बूट, चष्मे, पासाचे पैसे आणि सकाळचा नाश्ता हे पहिल्या वर्षात. सरावाचं लोखंड आणि पाती दोन्ही वर्षांत. उसाच्या गावांतल्या मुलांची पाच महिन्यांची खोली आणि डबा. आणि सगळ्यात मोठी रक्कम राखून ठेवा ती अप्रेंटिसशिपच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी: डिपॉझिटचा वाटा, दोन महिन्यांची मेस, एक गादी, मोबाइलचं रिचार्ज. ही रक्कम मुलाच्या हातात एकदम देऊ नये, पण कर्ज म्हणूनही देऊ नये. कर्जाच्या भीतीने मुलं फोन उचलायचं बंद करतात आणि मग ती कुठे आहेत तेच कळत नाही. परतफेड हवीच असेल तर ती अशी मागावी, की पुढच्या तुकडीतला तुझ्या तालुक्याचा मुलगा चाकणला येईल तेव्हा त्याला पहिले पंधरा दिवस तुझ्या रूमवर घे आणि तुझ्या मेसवाल्याशी त्याची ओळख करून दे. डिपॉझिटची पावती मात्र मदत करणाऱ्या संस्थेच्या नावाने करावी, म्हणजे एक मुलगा रूम सोडून गेला की ती कॉट पुढच्याला मिळते आणि मालकाशी पुन्हा घासाघीस करावी लागत नाही.